व्यवस्थित बंद केलेल्या चार खिडक्या

माझ्या नातीचं अकरा दिवसांचं काम मी एका दुपारी, भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात, माझ्या दोन हातांनी बंद करून टाकलं. मशीन बिघडलं नव्हतं. रेंज गेली नव्हती. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते अगदी नीट केलं, एकेक खिडकी तपासून केलं, आणि पदराला हात पुसत खाली येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, "आज मी होते म्हणून वाचलं सगळं."

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा मी जेमतेम एकाहत्तर वर्षांची होते. वयच तसं, अल्लड. आता चौऱ्याहत्तरीत थोडी समज आली आहे, म्हणून त्या पोरीची हकीकत लिहायला बसले. पोरगी म्हणजे मीच. नात तेव्हाही माझ्यापेक्षा शहाणी होती.

आमचं घर कुंभारवाड्याच्या अलीकडे, डांबरी सोडून आत. रेंज येते ती फक्त माडीच्या एका खिडकीत. तिथं एक जुना फोन दुरडीत घालून टांगलेला असायचा आणि त्याच्या जिवावर नातीचा लॅपटॉप चालायचा. नात बंगळुरूला शिकत होती, बेडकांवर. गावात कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर आमचे हे सांगत, "डराव डराव ऐकते. पगार अजून न्हाई."

पावसाचे चार महिने तिनं आमच्या भोवतालच्या झाडांवर डब्या टांगल्या होत्या, आवाज टिपणाऱ्या. शिडी धरायला हे. ओढ्यावर एक, तळ्यावर एक, शेतात एक, रानात एक. मग तो चार महिन्यांचा सगळा आवाज तिनं तिच्या कॉलेजच्या मोठ्या मशीनला ऐकायला दिला. कुठला बेडूक कुठं ओरडला, किती पावसात ओरडला, कधी गप्प झाला, हे त्या मशीननं वेगळं करून द्यायचं. ते मशीन एकटीचं नव्हे. आमच्याकडं सुपारीच्या बागांना पाटाचं पाणी पाळीनं मिळतं, तसं तिथं पोरांना मशीन पाळीनं मिळे. हिची पाळी पंधरा दिवसांची. ती चुकली की पुढची थेट संक्रांतीनंतर. आणि दिवाळीआधी हा निकाल जोडून तिला एक अर्ज पाठवायचा होता. तो मान्य झाला असता तर दोन वर्षं ती इथंच राहणार होती, आमच्या घरात, आमच्या रानावर काम करत.

तिला ते हवं होतं. मला तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. घरात आम्ही दोघंच. हे दिवसातून दहा वाक्यं बोलतात, त्यातली सहा कुत्र्याशी.

पहिल्यांदा काय व्हायचं, ती इथून काम लावायची आणि रेंज गेली की काम जागीच मरायचं. दोनदा तसं झालं. पोरगी खिडकीशी बसून रडली. मग तिच्या कुणा सोबतिणीनं तिला टीमक्स शिकवलं. टीमक्स म्हणजे काळ्या पडद्यावर चालणारं एक साधन. पडद्याच्या तळाशी हिरवी पट्टी, पट्टीवर खिडक्यांची नावं, आणि प्रत्येक खिडकीत एकेक काम. मला कळावं म्हणून तिनं समजावून सांगितलं होतं.

"हे बघ आज्जी, आधी मी हितनं दोरी धरून हुबी हुते. दोरी तुटली की काम पडलं. आता काम तिकडंच बसलंय. मी नुसती खिडकीतनं बघते. मी उठून गेले, लॅपटॉप बंद पडला, रेंज गेली, तरी त्याचं त्ये चालूच."

"आणि घर व्हावून गेलं तर?"

"तरी चालूच. बघायला तेवढी तू नसशील."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं ही माझी जुनी कला. जोयड्याला एका कचेरीत मी सत्तावीस वर्षं टायपिस्ट होते, आणि साहेब काहीही बोलले तरी समजल्यासारखी मान हलवायची. कानडी मशीनवर माझी बोटं अशी चालत की बाहेर बाकावर बसलेली माणसं म्हणत, पत्र्यावर पाऊस आला वाटतं. माणसं खरंच तसं म्हणत की नाही, आता आठवत नाही. मी मात्र तसं सांगत असे.

म्हणूनच तर लॅपटॉप बघितल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. मी तिच्या मागंच लागले, मला शिकव. तिनं शिकवलं. कंट्रोल आणि बी एकदम दाबायचं, सोडायचं, मग पुढची कळ. टाइपरायटरवर शिफ्ट दाबून धरायची आणि अक्षर मारायचं, अशी माझ्या बोटांची वळणं. सोडायचं, हे त्यांना पटेचना.

"सोड गं, सोड! घट्ट धरून काय बसलीयास? बस सुटतीय व्हय?"

चार दिवसांत जमलं. बी नंतर आकडा, की त्या नंबरची खिडकी समोर. बी नंतर डी, की आपण बाहेर, आणि पडद्यावर येतं 'डिटॅच्ड', म्हणजे तू निघालीस, आत काम चालू आहे. एक सरावाची खिडकी तिनं मला वेगळी काढून दिली होती. तिच्यात आकडे नुसते धावत असायचे. कंट्रोल आणि सी दाबलं की थांबायचे, मग एक्झिट लिहून एंटर मारलं की खिडकीच नाहीशी. हा खेळ मला फार आवडला. मी दिवसातून आठ-दहा खिडक्या उघडायची आणि मारायची. वहीत तिनं सगळं लिहून दिलं होतं आणि खाली लाल पेनानं, दोन रेघा ओढून: कामाच्या खिडक्यांत फक्त बघायचं.

अर्जाला रहिवासाचा दाखला लागत होता. तो आणायला ती एक दिवस सकाळच्या बसनं जोयड्याला गेली. येणार ती संध्याकाळच्या बसनं. जाताना म्हणाली, "आज्जी, दुपारी बाराला वर जा. चारी खिडक्यांतले आकडे वहीत लिही आणि बी-डी करून बाहेर ये. जमंल न्हवं?"

"मला विचारतीयास? अगं, तुझा बा जन्मला न्हवता तवापासनं मशीन चालवतीय मी."

ते आकडे कुणालाही नको होते, हे मला फार पुढं कळलं. ती संध्याकाळी येऊन एका नजरेत बघू शकली असती. लहान पोर चुलीपाशी लुडबुड करायला लागलं की त्याच्या हातात पिठाचा गोळा देतात, तसा तो गोळा मला दिला होता. मी त्याच्या भाकऱ्या थापायला बसले.

आता विजेचं सांगते. आमच्याकडं पाऊस सरता सरता दुपारी गडगडतं. एका साली शेजाऱ्यांच्या फणसावर वीज पडली, ती तारेवरून त्यांच्या घरात शिरली आणि टीव्ही, पंखा आणि लेकीच्या लग्नासाठी घेतलेला कोरा मिक्सर, तीन वस्तू घेऊन गेली. तेव्हापासून वाडीत ज्याच्या कानावर पहिलं गडगडणं येईल तो ओरडतो, "वायरीऽऽ!" आणि घराघरांत बायका धावतात. सासूबाईंच्या काळी अंगणात कोयता टाकायचे, वीज लोखंडावर जाते म्हणून. मी कोयताही टाकते आणि वायरही उपटते. देवाला दोन्ही भाषा येतात.

त्या दिवशी बाराला मी वर गेले. खिडक्यांची नावं नातीनं जागांवरून ठेवली होती: ओढा, तळं, शेत, रान. मी चष्मा पुसून चारी ठिकाणचा आकडा लिहिला. शंभरातले सत्त्याऐंशी झाले होते. अजून दोन दिवसांत काम पुरं. मी वही मिटत होते तेवढ्यात दूर गुंद गावाच्या अंगाला गडगडलं आणि खालून कुणीतरी ओरडलं, "वायरीऽऽ!"

मी आधी लॅपटॉपची वायर ओढली. मग दुरडीतल्या फोनकडं हात नेला आणि थांबले. तिथंच घात झाला. मी विचार केला.

विचार असा, की वायर काढली खरी, पण आत चार खिडक्या उघड्याच. त्या थेट बंगळुरूच्या मशीनला लागलेल्या. आमच्या माडीतून वीज शिरली तर ती कुठं जाईल? तिकडंच. एवढं मोठं मशीन, किती पोरांचं काम त्याच्यात, आणि ते जळणार कुणाच्या घरातून? आमच्या. मधे तारच नव्हती, सगळा कारभार हवेतून चाललेला, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. नातीला फोन करून विचारावं, हे लक्षात आलं होतं. खोटं कशाला सांगू. फोन समोर टांगलेला होता. पण सत्तावीस वर्षांची टायपिस्ट, तिनं विचारायचं?

मी बसले. बी, मग एक. ओढा समोर आला, ओळी खाली खाली सरकत होत्या. कंट्रोल, सी. थांबल्या. एक्झिट, एंटर. हिरव्या पट्टीवरून ओढा गेला. मग तळं बंद केलं. मग शेत बंद केलं. बाहेर आभाळ जवळ येत होतं आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की मी गुणगुणत होते. शेवटी रान बंद केलं. हिरवी पट्टीच गेली आणि पडद्यावर एक नवा शब्द आला, 'एक्झिटेड'. मी म्हटलं, शाबास. फोन बंद केला, लॅपटॉप मिटला, त्यावर माझ्या जुन्या पातळाचा तुकडा घातला, कचेरीत सुटीच्या वेळी मशीनवर घालत असे तसा. आणि वहीत, आकड्यांच्या खाली, वळणदार अक्षरात लिहिलं: गडगडल्यामुळे चारही खिडक्या व्यवस्थित बंद केल्या. खाली सही ठोकली.

मी नुसती वायर उपटून फोन विहिरीत फेकला असता, तरी तिचं काम चालू राहिलं असतं. टीमक्स त्यासाठीच तर होतं. निष्काळजी बाईपासून त्याला काहीच भीती नव्हती.

नात आली ती भिजून, पण दाखला पिशवीत कोरडा. शिक्क्यासकट. "आज्जी, झालं एकदाचं!" म्हणत वर गेली. मी चहा घेऊन मागोमाग, कौतुक ऐकायला. तिनं पातळाचा तुकडा बाजूला केला, झाकण उघडलं, आणि पडद्याकडं बघत राहिली. मग फोन चालू केला, नव्यानं जोडलं, काहीतरी लिहिलं, परत लिहिलं. तिचे कान पांढरे पडलेले मी पाठीमागून बघितले.

"आज्जी, दुपारी बघितलंस न्हवं? चालू हुतं?"

त्या क्षणाला मला कळलं. कसं कळलं सांगता येत नाही. दूध उतू गेल्याचा वास आधी येतो आणि भांडं नंतर दिसतं, तसं.

"चालू हुतं की," मी म्हणाले. "सत्त्याऐंशी. मग गडगडलं, मी वायर काढली."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मधली तेवढी मी गिळली.

"वायर काढल्यानं काय हुत न्हाई," ती हळू म्हणाली. आणि चहा घेतला. वही लॅपटॉपच्या शेजारी पडली होती. ती कपडे बदलायला खाली गेली तशी मी वहीचं ते पान फाडलं, घडी करून कनवटीला लावलं, चुलीपाशी आले आणि आत टाकलं. सही जळायला जास्त वेळ लागला असं मला वाटलं. आयुष्यभर लोकांची कागदपत्रं जपली, आणि स्वतःचा एक कागद चार ओळींचा, तो जाळला.

दुसऱ्या दिवशी ती माडीवरून तिच्या मॅडमशी बोलली. फोन दुरडीतच ठेवावा लागे, म्हणून आवाज मोठा करून. मी खाली जिन्याशी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. तांदळात एक खडा नव्हता. ती कानडीत सांगत होती, "चूक माझीच, मॅडम. अर्ध्यावरचं जपून ठेवायची सोय मी केली नव्हती." मॅडम पुष्कळ बोलल्या. पाळीतले चार दिवस उरले होते, काम बारा-तेरा दिवसांचं. पुढच्याची पाळी पुढं ढकलता येणार नाही. मला वर जाऊन चार शब्द बोलायचे होते फक्त. मी तांदूळ परत पाखडले.

त्या दिवसापासून मी तिला खाऊ घालायला लागले. कोनफळाचे काप, गरम भात, त्यावर तूप, परत तूप. ती नको म्हणायच्या आत मी वाढून चुलीकडं वळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी हे जेवताना म्हणाले, "परवा वर काय चाललंतं गं तुझं? गडगडत हुतं आणि ही बया टकटक टकटक. म्हटलं, टायपिंगची परीक्षा देतीया काय म्हातारपणी?"

माझा हात तुपाच्या भांड्यातच राहिला. नात ताटाकडं बघत होती.

"पाल पडली हुती मशीनवर," मी म्हणाले. "तिला हाकलत हुते."

"टकटक करून?" हे म्हणाले.

"जेवा गप."

 नातीनं भात कालवला, सगळा खाल्ला.

चौथ्या दिवशी तिनं बॅग भरली. बंगळुरूला जाऊन कुणाच्या हातापाया पडून बघते, म्हणाली, पण अर्जाला उशीर होणार हे तिच्या बोलण्यात होतंच. पुढं झालंही तसंच. काम तिनं संक्रांतीनंतरच्या पाळीत पुरं केलं, चांगलं केलं, पण ती दोन वर्षं दुसऱ्या कुणाला मिळाली, दुसऱ्या कुठल्या रानासाठी. आता ती वर्षातून दोनदा येते. तो दाखला अजून आमच्या कपाटात आहे, शिक्क्यासकट. तिचा जुना लॅपटॉप मला दिलाय. हे मी त्याच्यावरच लिहिते आहे, एका खिडकीत. पण ते सगळं नंतरचं.

बॅग भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सोडायला फाट्यापर्यंत गेले. हे गोठ्यात अडकले होते. बसला उशीर होता. आमच्याकडं बस येते तेव्हा येते. दगडावर दोघी बसलो. ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, तुझ्यात शिस्त न्हाई. अशा माणसाला रानात एकटं सोडता येत न्हाई म्हणाल्या."

ती एवढंच बोलली आणि थांबली. मला उत्तर द्यायला भरपूर जागा ठेवून थांबली. समोर भात पोटरीला आलेलं. मी शेताकडं बघितलं, चपलेकडं बघितलं, तिच्या बॅगेच्या चेनकडं बघितलं. वळणावर बसचा हॉर्न वाजला. त्या हॉर्ननं मला ढकललं, नाहीतर मी तिला तशीच जाऊ दिली असती आणि घरी येऊन दुसऱ्या कशावर तरी तूप घातलं असतं.

"मी बंद केलं," मी म्हणाले. "चारी खिडक्या. हातानं. वीज तुझ्या मशीनला लागंल म्हणून. वहीत लिवलं हुतं, त्ये पान बी मीच जाळलं."

बस आली. कंडक्टरनं बॅग वर घेतली. ती पायरीवर चढली, वळली, दांडीला धरून खाली वाकली आणि म्हणाली, "मला त्याच सांजंला कळलंतं, आज्जी. रेंज गेली तर पडदा नुसता गोठतो, त्यो 'एक्झिटेड' शब्द येत न्हाई. आणि वहीचं पान फाडलंस, पण त्याची कडा शिवणीत तशीच ऱ्हायली की. मी म्हटलं, सांगंल उद्या. काम काय, परत लावीन. पण चार दिवस माझ्या ताटात तूप वाढत हुतीस, आणि माझ्या तोंडाकडं एकदाबी बघितलं न्हाईस."